वैयक्तिक, खासगी, गोपनीय

प्रश्न: एका सरकारी फॉर्मवर छापलंय, 'अर्जदाराची माहिती गोपनीय ठेवली जाईल'. त्याच कार्यालयाच्या भिंतीवर लाभार्थ्यांची यादी नावागावासकट डकवलेली. मग गोपनीय म्हणजे नेमकं काय? वैयक्तिक, खासगी, गोपनीय हे तिन्ही एकच का?

प्रतिसाद: सर्रास एकाच अर्थाने वापरतात, पण वापरू नयेत. वैयक्तिक म्हणजे अमुक माणसाबद्दलची, एवढंच. सातबारा घ्या. खातेदाराचं नाव, क्षेत्र, शिवाय 'इतर हक्क'मध्ये सोसायटीचा बोजा. कुणाच्या जमिनीवर कर्ज आहे ते महाभूलेखवर कुणीही पाहावं. माहिती वैयक्तिक खरी, पण गोपनीय नाही. जमीन घेणाऱ्याला बोजा कळायलाच हवा. आधार क्रमांकाचं उलट. मास्क्ड आधारवर बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. गोपनीय हे माहितीचं वर्णन कमी, ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरचं बंधन जास्त.

दुसरा प्रतिसाद: मंत्री 'पद आणि गोपनीयतेची' शपथ घेतात, तिथे सरकारी गुपित फोडायचं नसतं. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मूलभूत ठरवलेला हक्कही बातम्यांत 'गोपनीयतेचा अधिकार'च! इथे तर सरकारनेच नागरिकाच्या घरात डोकवायचं नाही. मी 'खासगीपणाचा हक्क' लिहितो. (खासगी की खाजगी, हा वाद नको. दोन्ही चालतात.)

प्रश्नकर्ता: हा नुसता कीस नाही का? कार्यालयात कोण एवढं बघतं?

प्रतिसाद: माहिती अधिकारात अर्ज टाकून बघा. कलम ८(१)(जे) खाली वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर नाहक घाला येतो, असं कारण लागायचं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्या अटी उडवल्या आणि नोव्हेंबर २०२५पासून तो बदल लागू आहे. आता 'वैयक्तिक' म्हटलं की भागतं. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते मोठं आहे हे अर्जदारालाच पटवत बसावं लागणार. ठेकेदाराच्या बिलावरचं नावही वैयक्तिकच की!

प्रश्नकर्ता: आमच्या यादीत मोबाईल आणि बँकेचे खातेनंबरही होते.

प्रतिसाद: मग ते दोन रकाने झाकून यादी परत लावा, असा अर्ज द्या. अख्खी यादी काढा म्हणू नका. ते आनंदाने काढतील.