दगडू आणि नकुसा एकाच ओळीत बसतात का?

झुळूक :
एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडकलेय. लेख आहे मुद्दाम वाईट अर्थाची ठेवलेली बाळांची नावं या विषयावर. मूळ लेखात अशा सगळ्या नावांना मिळून एकच शब्द आहे, साधारण 'वाईटाला पळवून लावणारं नाव' असा. महाराष्ट्राबद्दल एकच ओळ आणि त्यात दगडू, भिकू, कचरू, नकुसा ही चार नावं शेजारी शेजारी. मी आपलं 'अशुभनिवारक नावं' लिहून टाकलं आणि आईला वाचून दाखवलं, तर आई मेथी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "नकुसाला त्यातनं काढ. दगडू ठेवतात ते पोर राहावं म्हणून. नकुसा ठेवतात ते पोर नको होतं म्हणून." मी म्हटलं अगं अर्थ दोन्हीकडे वाईटच आहे ना, तर म्हणते अर्थ नको बघू, ठेवणाऱ्याचं तोंड बघ. तेव्हापासून ते वाक्य पुढे सरकत नाहीये. दोन्हींना पुरेल असा एखादा मराठी शब्द आहे का कुणाकडे?

जुना_कोश :
'अशुभनिवारक' योग्य शब्द आहे, तोच ठेवा. 'निगेटिव्ह नावं' असलं काही करू नका एवढीच विनंती. ही परंपरा फार जुनी आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अजीगर्त नावाच्या ऋषीच्या तीन मुलांची नावं शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल, तिन्हींचा अर्थ कुत्र्याचं शेपूट. पोटच्या पोरांना कोणी उगाच असं म्हणत नाही.

झुळूक :
पण काका, त्याच गोष्टीत पुढे अजीगर्त मधल्याला शंभर गायींना विकतो ना? बाप म्हणतो थोरला देणार नाही, आई म्हणते धाकटा देणार नाही, उरला मधला. म्हणजे तिथेसुद्धा नाव तिघांचं सारखं पण नकोसा एकच झाला.

खडूफळा :
मला 'अशुभनिवारक' फार जड वाटतो, तो पूजेच्या साहित्याच्या यादीतला शब्द वाटतो. आपल्याकडे बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावतात त्याला तीट म्हणतो, तर अशा नावाला 'तीटनाव' का म्हणू नये? काम तेच आहे, गोड पोराला थोडं कुरूप करून ठेवायचं म्हणजे कोणाची दृष्ट त्यावर थांबणार नाही. 'गालबोट' पण सुचला होता पण त्याची वाट लागलीय, आता पेपरात 'मिरवणुकीला गालबोट' असंच वाचतो आपण. जे दृष्ट लागू नये म्हणून लावायचं तेच डाग होऊन बसलं.

चौकट :
तीटनाव मस्त आहे! आणि गालबोटाचं निरीक्षण पण.

जुना_कोश :
नवे शब्द घडवण्याआधी असलेले वापरावेत. आणि एक दुरुस्ती, या यादीत लोक धोंडूही घालतात, ते चूक आहे. धोंडो हे धुंडिराज या गणपतीच्या नावाचं रूप आहे, काशीला ढुंढिराजाचं देऊळ आहे. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज होतं. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे धोंडोपंत, महर्षी कर्वे धोंडो केशव. ही काय दगडधोंड्याची नावं नाहीत.

चौकट :
काका, धुंडिराज वेगळं आणि धोंडू वेगळं असं मला वाटतं. धोंडू, धोंडाबाई, दगडू, दगडाबाई अशा जोड्या लागतात. धुंडीचं स्त्रीरूप धोंडाबाई कसं होईल? माझ्या पणजीच्या पाठच्या बहिणीचं नाव धोंडाबाई होतं, तिचा गणपतीशी काही संबंध नव्हता, आधीची दोन गेली होती म्हणून हिला दगडासारखी टिकू दे.

खडूफळा :
आमच्याकडे तिसरंच सांगतात. अधिक मासाला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला धोंडे करून घालतात, त्या महिन्यात जन्मला तो धोंडू. २०२३ ला श्रावण अधिक होता तेव्हा आमच्या शेजारी मुलगा झाला, त्याला आजोबा अजून धोंडोपंतच म्हणतात, कागदावरचं नाव वेगळं आहे.

जुना_कोश :
घरगुती हाक आणि व्युत्पत्ती यांची गल्लत करू नये.

चौकट :
व्युत्पत्ती शेवटी घरातूनच येते ना पण? नावं विद्यापीठात ठेवत नाहीत, पाळण्यापाशी ठेवतात. ज्या बाईनं कानात कुर्र केलं तिच्या मनात धोंडा होता तर तो धोंडाच.

सीमेवरचा :
मी सीमाभागातला, कन्नड आणि मराठी दोन्ही घरात. आमच्याकडे कल्लाप्पा म्हणजे सरळ दगडूच, कल्लु म्हणजे दगड. तिप्पण्णा म्हणजे उकिरड्यावरचा, तिप्पे म्हणजे उकिरडा. तेलुगूत पेंटय्या, तोही उकिरडाच. तमिळमध्ये कुप्पुस्वामी, कुप्पै म्हणजे कचरा, आणि पिच्चै म्हणजे भीक, आपला भिकाजी. बंगालीत खुदीराम. खुदीराम बोस जन्मले १८८९ ला, आधीचे दोन भाऊ गेले होते म्हणून आईनं थोरल्या बहिणीला तीन मुठी खुदाला विकले, खुद म्हणजे तांदळाची कणी. अठरा वर्षांचे असताना ११ ऑगस्ट १९०८ ला फाशी गेले, आणि नाव मात्र त्यांना मरणापासून वाचवायला ठेवलेलं. मला हे आठवलं की दर वेळी गलबलून येतं.
आणि झुळूकताई, तुमची आई बरोबर आहे. बंगालीतच दुसरं नाव आहे अन्नाकाली. ते अन्नावरून नाही, 'आर ना काली' म्हणजे काली माते आता आणखी नको. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं, पुरे. ही सगळी पोरींची आहेत. खुदीरामच्या ओळीत मी अन्नाकालीला बसवणार नाही.

चौकट :
मी थोडं उलटं मांडतो, राग मानू नका. नकुसा हाही तोडगाच आहे ना? हिला नकुसा म्हटलं की पुढचा मुलगा होतो अशी समजूत होती. म्हणजे दगडू हे नाव यमाला फसवायला आणि नकुसा हे नाव देवाला निरोप द्यायला. दोन्हीत नावानं काहीतरी घडवून आणायचंय. भाषेच्या अंगानं बघितलं तर जात एकच.

खडूफळा :
तोडग्याची जात एक असेल, पण तोडगा कोणासाठी? दगडूचं नाव दगडूसाठी आहे. नकुसाचं नाव नकुसासाठी नाहीच, ते अजून जन्मालाही न आलेल्या भावासाठी आहे, तिनं फक्त आयुष्यभर वागवायचं. मी वीस वर्षं शिकवतेय. माझ्या वर्गात एक नकुसा होती, हजेरीत तिचं नाव आलं की मी नाव पूर्ण म्हणायच्या आधीच ती 'हजर' म्हणायची, घाईघाईनं, म्हणजे ते वर्गात पूर्ण ऐकू जाऊ नये. मला हे कळायला अर्धं वर्ष लागलं. मग मी तिच्या आडनावानंच हजेरी घ्यायला लागले. दगडू नावाचा मुलगा पण होता आधीच्या एका बॅचला, त्याला पोरं चिडवायची, पण तो सांगायचा मी नवसाचाय. तिच्याकडे सांगायला काय होतं?

पाळणा :
विषय निघालाच आहे तर विचारतो, आम्हाला मुलगी झाली, रविवारी बारसं आहे, 'अनया' नक्की केलंय. काल ऑफिसमधल्या एका सरांनी सांगितलं की संस्कृतात अनय म्हणजे अन्याय, दुर्वर्तन. बायको तेव्हापासून रडवेली झालीय. खरं आहे का हे?

जुना_कोश :
खरं आहे. नय म्हणजे नीती, अनय म्हणजे नीतीचा अभाव, संकट असाही अर्थ आहे. नाव ठेवण्याआधी कोश उघडावा. हल्ली नावांच्या साइटवर काहीही अर्थ लिहिलेले असतात. 'आरती' ऐवजी वेगळं दिसावं म्हणून 'आर्ती' लिहिणारे लोक पाहिलेत मी, आर्ति म्हणजे पीडा.

चौकट :
काका बाळंतिणीला असं सांगतात का! पाळणा, घाबरू नका. 'अनया' हे संस्कृतात 'हिच्यामुळे, हिच्याकडून' असंही रूप आहे, ते तर सुंदर आहे. आणि आज मराठीत अनया म्हटल्यावर कोणाच्या मनात दुर्वर्तन येतं? नाव वापरलं की अर्थ झिजून जातो. कर्णाचं नाव कानावरून, पण कोणी कान आठवत नाही.

सीमेवरचा :
आपल्या गवळणींमध्ये राधेच्या नवऱ्याचं नाव अनय आहे, अनयाची राधा. त्यामुळे मराठी माणसाला अनय ओळखीचा आहे, अन्याय म्हणून नाही.

जुना_कोश :
अर्थ झिजतो म्हणता तर मग नकुसाचाही झिजायला हवा होता.

खडूफळा :
तो कसा झिजेल? अनय कोण रोज बोलतं? 'नको' आपण दिवसातनं पन्नास वेळा म्हणतो. वर्गात, बाजारात, जेवताना, चहा हवाय का, नको. दर वेळी तिला हाक मारल्यासारखंच ना ते.

माणगंगा :
मी इतका वेळ वाचत होतो, लिहू का नको असं चाललं होतं. माझ्या आईचं माहेरचं नाव नकुसा. माणदेशातलं गाव, पाच बहिणींतली चौथी. आमच्यात नको ला नगं म्हणतात, तरी नाव नकुसाच, नकोशी असं फक्त पेपरात वाचलंय. २०११ साली ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात २८५ पोरींची नावं एका कार्यक्रमात बदलली, दाखले दिले, कोणी नट्यांची नावं घेतली कोणी देवींची. त्या वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या, २००१ ला ९१३ होत्या. ती बातमी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ती नुसती ऐकत होती.
तिचं नाव बदलायला कार्यक्रम लागला नाही, लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून वडलांनी अंगठीनं नाव लिहिलं, सुमन. आई सांगते की तिला वाचता येत नव्हतं, तिनं शेजारच्या बाईला विचारलं काय लिहिलंय, आणि ती सुमन म्हणाली तर हिला वाटलं दुसऱ्याच कोणाचं तरी आहे. ते ताट सासूनं उचलायच्या आधी तिनं त्यातले चार तांदूळ पदराला बांधून घेतले. पुढं रेशनकार्ड, मतदान, बँक, सगळीकडं सुमन. मला बारावीपर्यंत तिचं आधीचं नाव माहीत नव्हतं.
पण आता सांगतो ते चौकट सरांच्या बाजूचं आहे का काकांच्या ते मला ठरवता येत नाही. माझा मामा, तिच्या पाठचा, ज्याच्यासाठी ते नाव ठेवलं असं म्हणतात तो, तो तिला अजून 'नकू' म्हणतो. फोन आला की पहिला शब्द नकू. आणि आईला ते चालतं. दुसऱ्या कोणी म्हटलेलं चालत नाही, मावशांनी पण नाही. मागच्या वर्षी मामा आजारी होता तर दवाखान्यात ती त्याच्या कानाशी वाकून म्हणत होती मी नकू आलेय.

झुळूक :
माणगंगा, हे लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. मी आत्ता आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, चार तांदूळ.

चौकट :
मी 'जात एकच' म्हटलं होतं ते मागे घेतो. निदान जोरानं म्हणणार नाही. एक व्याकरणाची शंका मात्र मनातून जात नाहीये, पोरीचं नाव नकुसा असं आकारान्त का? नकोसा पुल्लिंगी, नकोशी स्त्रीलिंगी. उषा, मनीषा यांच्या चालीवर बसलं असेल का?

जुना_कोश :
शक्यता आहे. बोलीत ओकाराचा उकार होतोच. मात्र ते पुल्लिंगी रूपच असावं असं मला वाटतं, मुलगा व्हावा या इच्छेनं.

माणगंगा :
तसं नसेल काका. आमच्यात कोणी एवढा विचार करून ठेवत नाही. तोंडाला आलं ते.

झुळूक :
मी नकुसाला दगडूच्या ओळीतून काढलं आणि तिला स्वतंत्र वाक्य दिलं. पहिल्या तिघांना 'तीटनाव' लिहिलंय, संपादक ठेवतील का माहीत नाही. पण लेखाचं शीर्षक अजून तसंच आहे, त्यात दोन्ही यायला हवीत आणि शब्द नाही. 'नावं ठेवणे' यावरून काही करता येईल का? आपल्याकडे नाव ठेवणे म्हणजे बारसं आणि नावं ठेवणे म्हणजे निंदा, फरक फक्त एका अनुस्वाराचा.

खडूफळा :
'नाव की नावं?' असं?

जुना_कोश :
प्रश्नचिन्हाची शीर्षकं टाळावीत. आणि तीट स्त्रीलिंगी आहे, तीटनाव नपुंसकलिंगी होईल, ते चालेल.

पाळणा :
सगळ्यांचे आभार, बायकोला गवळणीतलं सांगितलं, जरा शांत झालीय. पण आता आजी म्हणते अनया पण नको, माझ्या सासूचं नाव ठेवा, कोंडाबाई. मी म्हटलं आजी अगं कोंडा म्हणजे धान्याची सालपटं, कोण ठेवतं पोरीचं असं नाव, तर ती रागावून आत गेली. शिवाजी महाराजांचे कोंडाजी फर्जंद, १६७३ ला पन्हाळा घेणारे, तेच नाव ना हे? याचा दुसरा काही चांगला अर्थ असेल तर सांगा, म्हणजे आजीशी बोलताना काहीतरी हातात असेल.

सीमेवरचा :
कोंडा म्हणजे कोंडाच. सुपात घालून पसाभर कोंड्याला विकायचं आणि परत मागून घ्यायचं. खुदीरामसारखंच.

माणगंगा :
अर्थ नका शोधू भाऊ. आजीच्या मागं आत जा आणि विचारा, त्यांच्या सासूच्या आधीची किती गेली होती.