आज्ञापालन अंगवळणी पाडावं का? तुमचं मत सांगा

लेथवाला_उद्यमनगर

सलाम मंडळी. गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलातल्या लूक ९:२३ वर संदेश झाला, दररोज आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागं या. मत्तय आणि मार्क दोघांतही हे वचन आहे पण 'दररोज' हा शब्द एकट्या लूकनं घेतलाय हे पाळकसाहेबांनी दाखवलं, आणि तो शब्द आठवडाभर डोक्यातनं जाईना म्हणून इथं लिहितोय.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. फाउंड्रीतनं कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतो, आम्ही मशिनिंग करून पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईकाला देतो. टर्निंग घेताना कधी कधी आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेलं पोकळ भोक निघतं. खरं सांगायचं तर ते भोक भरून, घासून, रंग मारून दिलं तर बहुतेक वेळा कुणाला कळत नाही. पहिली काही वर्षं प्रत्येक वेळी मनात कुस्ती व्हायची, खोटं बोलू नको हे लहानपणापासनं पाठ, पण दारात डिस्पॅचची गाडी उभी आणि वरनं फोनवर फोन, आणि लिहिताना वाईट वाटतंय पण निम्म्या वेळा मी हरलोय. दोन वर्षांपूर्वी एकच ठरवलं. भोक दिसलं की त्याच क्षणी लाल खडूनं गोल करायचा आणि चहाच्या आत पार्टीला फोन करायचा, विचार करत बसायचंच नाही. सुरवातीला हात जड व्हायचा, दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. आता हात आपोआप खडूकडं जातो, कामावरची पोरंपण माझ्याकडं न बघता गोल करतात.

शिव्यांचं तसंच. आपल्या कोल्हापुरात शिवी रागातच देतात असं नाही, मायेनंपण देतात, तोंडाचं वळणच ते, म्हणून ती जायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी पोरांबरोबर एक स्तोत्र वाचायचं, हे मात्र लवकर जमलं.

माझं म्हणणं एवढंच की आज्ञापालन ही रोज नव्यानं लढायची लढाई ठेवली तर माणूस दमतो आणि दमला की हरतो. ते अंगवळणी पाडावं. मेव्हणा म्हणतो "दाजी, हे क्वालिटी कंट्रोल झालं, ह्यात प्रभू कुठं आला?" मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही.

शाहूपुरीची_ताई

दादा मी तुमच्या मेव्हण्याच्या बाजूनं आहे. आमच्या घरी रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना म्हणजे घड्याळ लावून. पप्पांची प्रार्थना शब्द न शब्द तीच, आम्हा भावंडांना कुठल्या वाक्यावर 'आमेन' येणार ते माहीत असायचं आणि त्याच्या आधीच आमचे पाय स्वयंपाकघराकडं वळलेले असायचे. यशया २९:१३ मध्ये देव नेमकं हेच बोलतो, हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात पण ह्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे आणि ह्यांचं भय धरणं म्हणजे माणसांनी शिकवलेलं पाठ करणं आहे. एकदा सवय लागली की देवाची गरजच उरत नाही, सवय स्वतःच्या पायावर चालते. मी वीस वर्षं अशी चालले आणि मग एका दिवशी लक्षात आलं की मी प्रभूशी एक शब्दही बोललेले नाही. योहान १४:१५ मध्ये प्रीती आधी आहे आणि आज्ञा नंतर, तुम्ही उलटं लावलंय.

तालमीतला

ताई पटत नाही. मी लहानपणी चार वर्षं तालमीत काढली. पहाटे उठून माती उकरायची, जोर मारायचे, बैठका काढायच्या. वस्ताद कधी विचारायचे नाहीत की आज मन आहे का. मन नसताना मारलेले जोरच खासबागेच्या कुस्ती मैदानात उपयोगी पडतात, कारण कुस्ती लागल्यावर डाव आठवायला वेळ नसतो, अंगात असेल तोच निघतो. मोहाचं तसंच आहे, तो वेळ देऊन येत नाही.

आणि इब्री ५:१४ वाचा, प्रौढ कोण, तर ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना वहिवाटीनं बरंवाईट समजायचा सराव झालाय. वहिवाट हा शब्द आपल्या मराठी शास्त्रातलाच, म्हणजे बायबलातलाच आहे, शेतातल्या वाटेला आपण म्हणतो तोच. रोज चालून पडलेली वाट.

अजून एक. २१ दिवसात सवय लागते असं लोक फिरवतात ते खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता, तो २००९ मध्ये आला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ आणि कुणाला २५४ पर्यंत. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फार काही बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. हे मला लई धीर देणारं वाटलं, कारण आपली माणसं एक दिवस बायबल वाचायचं राहिलं की आता सगळंच गेलं म्हणून महिनाभर सोडून देतात.

कुरुंदवाडचा_मास्तर

तालीम ठीक आहे पण गेथशेमानेचं काय, जिथं प्रभूनं पकडला जायच्या आधी प्रार्थना केली? लूक २२ काढा. प्रभू म्हणतो हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. हे काय अंगवळणी पडलेलं आज्ञापालन आहे? जे आपोआप होतं त्याला मी आज्ञापालन म्हणणार नाही, कारण आज्ञा पाळायची तर आपली इच्छा आडवी आलेली असली पाहिजे आणि ती बाजूला ठेवावी लागली पाहिजे. पुत्र असूनही तो सोसलेल्या दुःखांतून आज्ञापालन शिकला असं इब्री ५:८ सांगतं. सरावातून शिकला असं नाही म्हटलेलं.

दुसरं, माझा स्वतःचा अनुभव. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं पाणी शिरलं, वेळापत्रक म्हणून जे काही होतं ते सगळं गेलं. ना पहाटेचं वाचन ना संध्याकाळची प्रार्थना, शाळेच्या वरच्या मजल्यावर माणसं, शेरडं, धान्याची पोती, सगळं एकत्र, आणि आम्ही दिवसभर होडीतनं येणाऱ्यांना हात देऊन वर घेत होतो. त्या आठ दिवसात मी एकदाही बसून शास्त्र उघडलं नाही. पण शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा माझ्याकडनं आयुष्यात कधी पाळली गेली असेल तर तेव्हा. आणि माझ्या शेजारी जो पोरगा रात्रंदिवस राबत होता तो कुठल्याच देवळात न जाणारा, त्याला कसली सवय होती? मत्तय २१ मधले दोन मुलगे आठवा. "जातो महाराज" म्हणणारा गेलाच नाही आणि नाही म्हणणारा नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात गेला. सवयीचा होकार ज्याच्याकडं होता तो गेला नाही, ज्याच्याकडं नव्हता तो गेला.

लेथवाला_उद्यमनगर

मास्तर तुमचा पुराचा अनुभव वाचून गप्प झालो. तरी एक विचारतो, तीस वर्षं शास्त्र वाचलं नसतं तर त्या दिवशी हात पुढं आला असता का? आणि बायबलातल्या दानीएलाचं बघा. राजानं फर्मान काढलं की तीस दिवस माझ्याशिवाय कुणाकडं काही मागायचं नाही, नाहीतर सिंहांच्या गुहेत. दानीएल घरी गेला आणि यरुशलेमकडं उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातनं तीनदा गुडघे टेकत राहिला, पूर्वी करायचा तसंच. त्यानं नवीन धाडस काही केलंच नाही, जे रोज करत होता ते थांबवलं नाही एवढंच. रोजची सवय नसती तर फर्मान ऐकल्यावर पहिल्यांदा गुडघे टेकायला किती जड गेलं असतं.

कुरुंदवाडचा_मास्तर

माझा हात आला असता की नाही ते माहीत नाही. त्या पोराचा आला, हे माहीत आहे. दानीएलाचा मुद्दा मान्य.

मिरजेची_मावशी

मी नर्स होते, छत्तीस वर्षं, आता रिटायर. आमच्या भागात मिशनच्या दवाखान्यांनी किती घरं उभी केली ते सगळ्यांना माहीत आहे, मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ ला दवाखाना काढला, मी त्याच वातावरणात वाढले.

शाहूपुरीच्या ताईला सांगायचंय. बाळा, जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला बेडसोर म्हणजे पडून राहिल्याच्या जखमा होतात आणि एकदा झाले की हाडापर्यंत जातात. रात्रपाळीत बारा, दोन, चार, सहा. पहाटे चारला माझ्या मनात प्रीती असायची का? खरं सांगते, पुष्कळदा नसायची. पाय सुजलेले, घरी तान्हं बाळ, डोळे मिटत असायचे आणि हात मात्र चादर धरून कूस बदलत असायचे. तू म्हणतेस तसं ओठांचंच म्हण, हातांचंच म्हण. पण त्या माणसाची पाठ शाबूत राहायची. माझं मन त्या वेळी कुठं होतं हे त्याच्या पाठीला कळत नव्हतं. आज्ञा पाळतो ती आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून नाही, समोर कुणीतरी पडलेलं असतं म्हणून. आणि कधी कधी, रोज नाही, चादर ओढता ओढता ते आजोबा डोळे उघडून बघायचे आणि मग माझ्या आत काहीतरी हलायचं. प्रीती मागनं यायची. मी बिछान्यापाशी नसते तर ती यायला जागाच नव्हती.

आता मास्तरांना. गेथशेमानेचा उतारा तुम्ही तीन वचनं खालून सुरू केलात. लूक २२:३९ काय म्हणतं, तो आपल्या परिपाठाप्रमाणे जैतुनाच्या डोंगराकडे गेला. परिपाठाप्रमाणे! आणि योहान १८:२ जोडून वाचा, यहूदालाही ती जागा ठाऊक होती, कारण येशू शिष्यांना घेऊन तिथं वारंवार जायचा. म्हणजे त्या रात्री तो नेहमीच्या जागी गेला नसता तर सापडला नसता. रोजची प्रार्थनेची जागा बदलली नाही, पकडायला येणार हे माहीत असून. तिथपर्यंत त्याला परिपाठानं नेलं. पुढं घाम गाळला तो मात्र परिपाठात बसणारा नव्हता, तिथं तुमचं खरं आहे.

कुरुंदवाडचा_मास्तर

मावशी, हा उतारा मी इतक्या वेळा शिकवलाय आणि ३९ वं वचन नुसतं रस्ता म्हणून वाचलं. थांबतो जरा.

शाहूपुरीची_ताई

मावशी तुमचं वाचून रडू आलं. पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. तुमच्यापुढं पेशंट होता. आमच्या आठच्या प्रार्थनेत समोर कुणीच नव्हतं, म्हणजे प्रभू असायला हवा होता आणि त्याच्याकडं आम्ही कुणी बघत नव्हतो. तिथं सवयीनं काय राखलं?

मिरजेची_मावशी

तुला आज त्या वीस वर्षांचं दुःख होतंय ना? ते कशामुळं होतंय ते बघ. बाकी तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही.

आडनाव_नको

मी खूप दिवस इथं नुसती वाचते, आज लिहिते. तुम्ही सगळे आज्ञापालन म्हणताय तेव्हा देवाचं म्हणताय. माझ्या सासरी आज्ञापालन म्हणजे मी. भाकरी गरम पाहिजे ही आज्ञा, माहेरी न जाणं ही आज्ञा, पगार नवऱ्याच्या हातात देणं ही आज्ञा. आणि ते माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की हात उचलला गेला तेव्हासुद्धा मी आधी "चुकलं" म्हणाले आणि मग विचार केला काय चुकलं. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याकडं गेले तर त्यांनी इफिस ५:२२ वाचून दाखवलं, पत्नींनो पतीच्या अधीन असा. त्याच्या वरचं वचन, ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा, ते वाचलं नाही. मी घरी येऊन स्वतः वाचलं. प्रेषित न्यायसभेपुढं म्हणाले आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, ते माझी ताकद झालं.

म्हणून दादा, अंगवळणी पाडायच्या आधी कुणाची आज्ञा ते विचारा, कारण अंगाला फरक कळत नाही. चांगल्या आज्ञेचं वळण पडतं तसंच वाईट आज्ञेचंपण पडतं. आणि एक विचारते, राग मानू नका. तुमचे नियम वाचले. खडू पार्टीसाठी, शिव्या कामावरच्या पोरांसाठी, स्तोत्र मुलांसाठी. वहिनींसाठी काय ठरवलंय?

तालमीतला

ताई तुम्ही लिहिलंत बरं केलंत. मी पहाटेच्या जोराबद्दल एवढं बोललो, वस्ताद कोण आहे ते बघितलं पाहिजे हे सुचलंच नाही.

लेथवाला_उद्यमनगर

ताई, राग नाही. तुमचा प्रश्न दुपारी वाचला आणि मशीन बंद करून बसलो. बायकोसाठी एकही नियम नाही. तिच्याबाबतीत माझी जी सवय आहे ती फक्त ताट समोर यायची आहे, आणि ती मी कधी लावून घेतली नाही, लहानपणापासनं आपोआप लागली, तुम्ही म्हणता तशी.

संध्याकाळी तिलाच विचारलं की मी काय करावं. आधी तिला वाटलं काहीतरी मागायचंय म्हणून विचारतोय. मग म्हणाली, रात्री जेवण झाल्यावर तुम्ही पोरांचा अभ्यास बघा आणि भांडी घासा, मला अर्धा तास माझं शास्त्र घेऊन बसू दे, लग्न झाल्यापासनं मी झोपायच्या आधी दोन ओळी वाचते आणि तिसऱ्याला डोळे मिटतात. सकाळी आम्ही स्तोत्र वाचतो तेव्हा ती डबे भरत असते, हे मला चौदा वर्षांत दिसलं नव्हतं.

आज पहिली रात्र झाली. कढईचा खालचा थर निघाला नाही, भिजत घातलीय.