मोरपीस गळलेलं की उपटलेलं? कायदा विचारतच नाही

रानवाट: परवा जत्रेत मोरपिसांच्या जुड्या विकायला होत्या. सवयीनं एक जुडी उलटून देठ पाहिले. सगळे तिरके, स्वच्छ कापलेले. गळलेल्या पिसाचं टोक कोरडं, निमुळतं असतं. उपटलेल्याला रक्ताचा डाग राहतो. टोक छाटलं की पुरावाच गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिकारीला तुरुंगवास आहे. पण खरेदी-विक्रीच्या कलमांतून मोराच्या शेपटीची पिसं वगळली आहेत. निर्यात बंद, देशात बाजार मोकळा. माझ्या मते विक्री बंदच करावी. सापडलेलं पीस घरात ठेवायला ना नाही.

चिपळी: म्हणजे वासुदेवानं टोपी कशाची करायची, प्लॅस्टिकची? पावसाळा संपत आला की मोर पिसारा टाकतो. आमच्याकडे पोरं बांधावरून ओंजळभर गोळा करून आणतात. कोणी मोर मारत नाही. शहरात बसून बंदी सुचवणं सोपं असतं हो.

रानवाट: बांधावरच्या ओंजळीतून जत्रा भरत नाही, दादा. एवढ्या जुड्या येतात कुठून?

परदेशस्थ: न्यू जर्सीत राहतो. इथे 1918 चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. अंगणात पडलेलं ब्लू जे पक्ष्याचं पीस उचलून ठेवलं तरी गुन्हा! लेकीनं वहीत जपलेलं पीस मी परत झाडाखाली टाकायला लावलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तेव्हा राग आला होता. पण टोप्यांसाठी बगळे मारले जायचे, त्या काळातला हा कायदा. गळलेलं कोणतं नि मारून काढलेलं कोणतं हे सिद्धच करता येत नाही, म्हणून सरसकट मनाई.

चिपळी: लेकराच्या वहीतलं पीस गुन्हा ठरवणारा कायदा आम्हाला नको. शिवाय मोराला विषारी दाणे घालतात ते पेरलेलं उकरून खातो म्हणून. पिसांसाठी नाही. आधी शेतकऱ्याची भरपाई बघा.

रानवाट: भरपाईचं पटलं. पण मेलेल्या त्या मोराची पिसं शेवटी जातात कुठे? त्याच जुडीत. बरं, बंदीचं सोडा. निदान देठ न कापता विकायची सक्ती करा.

चिपळी: आणि जत्रेत देठ तपासणार कोण? पाळण्यापाशी उभा असलेला हवालदार?