पहिलं उत्तर खोडू नका

"सिद्धांत बदलला म्हणजे आधीचे शास्त्रज्ञ चुकलेच," असं सातवीची मुलं म्हणतात. हा समज दूर करायला माझ्या वर्गाला मी नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगरावर नेते. आडवे थर बघून बहुतेक जण लिहितात, "नदीचा गाळ." मग हातात भिंग. वाळूचे कण दिसत नाहीत, दिसतात बारीक भोकं, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. "बाई, हे बुडबुडे होते का?" तिथून गाडी लाव्हावर येते. फ्रेंच अभ्यासक देमारे यांना १७६३मध्ये फ्रान्समध्ये याच प्रकारचा खडक, म्हणजे लाव्हा थिजून बनणारा बेसॉल्ट, विझलेल्या ज्वालामुखींपाशी सापडला. तरी जर्मन भूशास्त्रज्ञ वेर्नर यांच्यासारखा जाणकार नंतरही तो पाण्यात साचला असंच मानत होता, हे ऐकून मुलांना धीर येतो. वहीतलं पहिलं उत्तर मी खोडू देत नाही. त्याच्याखालीच नवा पुरावा लिहायचा, तारखेसकट.