रानडुकरासाठी .३०८ ची गोळी कोणती घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

परवाना रीतसर आहे, रायफल .३०८ विंचेस्टर, नळी २० इंची. हंगामात रानडुक्कर आणि अधूनमधून हरीण. बार बहुतेक ४० ते १५० मीटरच्या आतच होतो.

मागच्या वेळी माझ्याकडून घोळ झाला. सरावातली १६८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची काडतुसं उरली होती. शंभर मीटरवर तीन भोकं एका नाण्याखाली झाकली जायची, म्हणून मोठ्या ऐटीत तीच घेऊन गेलो. साठेक पावलांवर थोराड नर आडवा मिळाला. फऱ्यावर बार टाकला. तो बसला, उठला आणि झाडीत घुसला. गोळी आरपार गेलीच नव्हती, त्यामुळे रक्ताचा माग जेमतेम चार थेंब. दीड तासाने सापडला तेव्हा जिवंत होता, दुसरा बार टाकावा लागला. तो दीड तास अजून डोक्यातून जात नाही.

सोलताना बघितलं तर गोळी फऱ्याच्या हाडावरच फुटलेली. तांब्याच्या कवचाच्या चिंध्या, शिशाचा चुरा मांसात वीतभर पसरलेला, पुढचा अख्खा पाय फेकून द्यावा लागला.

आता १५० ग्रेन घेऊ, १६५ की १८०? जड घेतली की काम होईल का?

प्रतिसाद १

वजनाच्या मागे लागू नका, आधी गोळीची बांधणी बघा. मॅच गोळीच्या टोकाला भोक असतं ते फुलण्यासाठी (आत शिरल्यावर पसरून रुंद होण्यासाठी) नाही, ती बनवण्याच्या पद्धतीमुळे राहतं. कवच पातळ, हेतू फक्त अचूकपणा. कधी सुईसारखी आरपार जाते, कधी तुमच्यासारखा चुरा होतो. त्यात थोराड नराच्या फऱ्यावर ढालीसारखा जाड, चिवट थर असतो, आणि इतक्या जवळून गोळीचा वेग सेकंदाला ७५० मीटरच्या आसपास. फुटणारच.

तुम्हाला हवी ती बाँडेड, म्हणजे शिशाचा गाभा कवचाला पक्का जोडलेली. फुलते, पण वजन फारसं सांडत नाही. पार्टिशनही चालेल. तिच्यात तांब्याचा आडवा पडदा असतो. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. जॉन नॉस्लर यांना ती कल्पना १९४६ मध्ये सुचली, चिखलाने माखलेल्या मूसवर (थोराड जातीच्या हरणावर) त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या तेव्हा. तुमचं दुखणं जुनंच आहे!

प्रतिसाद २

फक्त हरणासाठी साधी सॉफ्ट पॉइंटही (टोकाला शिसं उघडं असलेली) पुरते, उगाच महागडी घेऊ नका. बरगड्यांमागे, फुप्फुसात लागली की झालं. डुकरासाठी मात्र वरच्यांशी सहमत.

मांसातल्या शिशाची धास्ती असेल तर निखळ तांब्याची घ्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. तेव्हा १५० किंवा त्याहून हलकी बघा. वेग पडला की ती नीट उमलत नाही, पण तुमच्या अंतरात ती अडचण येऊ नये.

आणि फुल मेटल जॅकेटच्या, म्हणजे पूर्ण कवचाच्या, न फुलणाऱ्या गोळीच्या वाटेला जाऊ नका. गंमत बघा, १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली, आणि शिकारीत बऱ्याच ठिकाणी नियम नेमका उलटा आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. १६५ बाँडेड आणि १५० तांब्याची, दोन्हींचा एकेक डबा आणून कागदावर मारून बघितल्या. जुन्या झीरोवर (मॅच गोळीसाठी जुळवलेल्या दुर्बिणीवर) तांब्याची चार बोटं वर लागली आणि माझ्या नळीला ती फारशी मानवलीही नाही, भोकं तळहाताएवढी पसरली. बाँडेडची मुठीत मावतील एवढी. मॅचच्या तुलनेत गबाळीच, पण डुकराला पुरे. दुर्बीण तिच्यावरच झीरो करून घेतली.

एकच शंका उरली. नळीत आधी तांब्याच्या गोळ्या मारल्या होत्या. बाँडेड लावण्याआधी नळी घासून तांबं पूर्ण काढायला हवं होतं का? तसं असेल तर झीरो पुन्हा करतो.