भाजलेल्या बटाट्यात पालक भरला की रात्रीचं जेवण होतं?

निवडटिपण :
परवा 'ओव्हनवाली' यांनी धागा काढला होता : 'मुलं पालेभाजी खात नाहीत? भाजलेल्या बटाट्यात लपवा! ४५ मिनिटांत घराचं जेवण, पोळ्यांना सुट्टी.' त्यावर 'आवडलं'च्या बदामांचा पाऊस पडलाय. मी तिथेच चार ओळी लिहिणार होते, पण चार ओळींत राग मावेना.

रविवारी केले. माणसं सहा, बटाटे बारा. माझ्या ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) एका वेळी सहाच बसतात, म्हणजे दोन घाणे. २०० अंशांवर प्रत्येकी तासभर. त्याआधी पालकाच्या तीन जुड्या निवडल्या. श्रावणातला पालक, मुळाशी निम्मं शेत आलेलं. पाच पाण्यांनी धुतला, चिरला, परतला आणि तीन जुड्यांचा झाला मूठभर गोळा. मग बटाटे कापा, गर कोरा, त्यात पालक-लसूण-चीज कालवा, परत भरा, परत आत ढकला. साडेपाचला ओट्याशी उभी राहिले ती पावणेनऊला पानं घेतली. सासऱ्यांनी एक बटाटा खाल्ला, ताटली बाजूला सारली आणि शांतपणे विचारलं, "बरं, आता जेवायला काय आहे?"

मुलाने वरचं चीज खरवडून खाल्लं. पालक ताटलीच्या कडेला.

माझा मुद्दा वेगळाच आहे. पालेभाजी ही लपवायची गोष्ट कधीपासून झाली? चाकवत, अंबाडी, माठ, दाणे घातलेली ताकातली पातळ भाजी हे ताटात उजवीकडे मानाने वाढायचे प्रकार आहेत.

ओव्हनवाली :
ताई, पाककृती चौघांची होती, माणशी एक मोठा बटाटा. बारा बारक्या बटाट्यांचे दोन घाणे घाला असं मी लिहिलेलं नाही. पालक घट्ट पिळून घ्या हे लिहिलं होतं, तेवढं वाचायचं राहिलेलं दिसतंय.

आणि लपवण्याबद्दल. माझा मुलगा हिरवं दिसलं की ताटावरून उठायचा. आजी, डॉक्टर, शेजारीण, सगळ्यांची व्याख्यानं ऐकून झाली होती. बटाट्यातून पहिल्यांदा पालक पोटात गेला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुमच्या लेकाने मानाने वाढलेला चाकवत खाल्ला असता, तर तुम्ही माझा धागा उघडला कशाला असता?

तिरकस :
शेवटच्या ओळीला दंडवत. मी दाणे-फुटाणे घेऊन बसलोय.

लेस्टरची_लेक :
इथे इंग्लंडात जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालीसकट भाजलेला बटाटा, हे शाळेच्या कॅन्टीनचं रोजचं जेवण. वर बीन्स नाहीतर चीज, झालं. पण तो बटाटा ३०० ग्रॅमचा असतो, एकातच पोट भरतं. माझी आयरिश शेजारीण तर कुस्करलेल्या बटाट्यात केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) किंवा कोबी घालून वर लोण्याचा गोळा सोडते. कोलकॅनन म्हणतात. त्यात कोणी काही लपवत नाही, हिरवं लख्ख दिसतं.

मी पालक घेतच नाही. मेथी घ्या, पाणी कमी सुटतं आणि कडसर चव बटाट्याला शोभते. सालीला तेल-मीठ चोळा, काट्याने टोचा आणि थेट जाळीवर ठेवा. फॉइलमध्ये गुंडाळलात तर तो भाजलेला राहत नाही, वाफवलेला होतो.

निवडटिपण :
फॉइलमध्येच गुंडाळले होते. पाककृतीत तसंच होतं. हे मात्र मी नीट वाचलं होतं.

औषधाच्या_दुकानातून :
फॉइलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९९४ साली टेक्सासमधल्या एल पासोला फॉइलमध्ये भाजून तसेच बाहेर राहिलेल्या बटाट्यांचं डिप खाऊन ३० जणांना बोट्युलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा, झाला होता. फॉइलच्या आत हवा नाही, ओल आहे, ऊब आहे, जंतूला आणखी काय हवं? उरले तर फॉइल काढून लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

तिरकस :
सासऱ्यांनी एकावरच थांबून दूरदृष्टी दाखवली म्हणायची.

निवडटिपण :
सासऱ्यांना मध्ये आणू नका.

तिरकस :
तुम्हीच आणलंत.

सातगावकर :
सगळं वाचलं. पालक कुठला, फॉइल कसली, ओव्हन किती अंशांवर, सगळं आलं. बटाटा कुठला होता हे एकानेही विचारलं नाही. शहरात बटाटा म्हणजे बटाटा!

ताई, गर चिकट लागला का? जरा गोडसर? मग तो उत्तरेकडचा शीतगृहातला माल. फेब्रुवारी-मार्चला काढलेला बटाटा तिकडे २ ते ४ अंशांत महिनोन्‌महिने पडतो. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते. भाजला की बाहेरून लवकर काळवंडतो आणि आतून गुळमट लागतो. चिप्सवाले म्हणूनच त्यांचा माल एवढ्या थंडीत ठेवत नाहीत, १०-१२ अंशांवर ठेवतात. भाजायला पिठूळ बटाटा लागतो, चिप्सोना जातीसारखा. पुखराज जात रस्सा भाजीला ठीक.

आमच्या सातगाव पठारावर, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, बटाटा आत्ता जमिनीत आहे. पंजाबातून बेणं आणायचं, पावसावर लावायचं, गणपतीनंतर काढायचं. आणि आमचा माल बाजारात आला की नेमके शीतगृहाचे दरवाजे उघडतात, भाव बसतो. गेल्या वर्षी बेण्याचेसुद्धा पैसे निघाले नाहीत. हे कुठल्या पाककृतीत लिहितात का?

माळव्यातली_सून :
दादा, भावाचं दुःख मान्य, पण शीतगृहाच्या नावाने खडे फोडू नका. ते नसतं तर जुलै-ऑगस्टमध्ये वड्यात काय भरलं असतं? माझं माहेर नारायणगावचं, सासर इंदूरजवळचं. दोन्हीकडची शेतं बघितलीत. पठारावरचा नवा बटाटा अंगठ्याने चोळला तरी सोलतो. त्याला तास-तास भाजलात तर सालीचा कागद होईल. भाजायला पक्क्या सालीचा, मुरलेला बटाटाच लागतो.

सातगावकर :
वहिनी, कच्चा काढला तर सोलणारच. पाला वाळू द्यायचा, साल धरू द्यायची, मग काढायचा. भावाच्या घाईत लवकर काढतात ते वेगळं. (हो, आम्हीही काढतो. पोटासाठी.)

माळव्यातली_सून :
म्हणजे माझंच बरोबर. कंसात का होईना.

ओव्हनवाली :
माझा साधा प्रश्न. शीतगृहाचाच बटाटा घरात आला असेल तर फेकून द्यायचा का?

सातगावकर :
फेकता कशाला? फ्रीजमध्ये ठेवू नका. टोपलीत, अंधारात, हवेशीर जागी आठ-पंधरा दिवस राहू द्या, गोडी कमी होते. हिरवा पडलेला तेवढा घेऊ नका.

औषधाच्या_दुकानातून :
हिरव्याबद्दल +१.

पेणचा_पोपटीवाला :
अवांतर : बटाटा भाजायला ओव्हन लागतो हे ऐकून करमणूक झाली. जानेवारीत आमच्याकडे पोपटी खायला या. मडक्यात भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. अर्ध्या तासात बटाटा असा होतो की चीज मागायची हिंमत होत नाही. हीच तुमची पाला-बटाटा पाककृती.

ओव्हनवाली :
दादा, चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत मडकं उलटं करून जाळ घालू? आणि तो पाला खातात का?

पेणचा_पोपटीवाला :
खात नाहीत. वासाला असतो.

निवडटिपण :
मग पालेभाजीच्या धाग्यावर त्याचं काय काम? इथे मूळ प्रश्न पालेभाजीचा होता हे कुणाच्या लक्षात आहे का? तीन जुड्या कुणी निवडल्या? मी. घरातली दोन मोठी पुरुष माणसं हॉलमध्ये सामना बघत होती. 'पोळ्यांना सुट्टी' म्हणजे सुट्टी कुणाला? पोळ्या मी तासाभरात उरकते.

तिरकस :
आता खरं दुखणं कळलं. हा धागा बटाट्याचा नाही.

लेस्टरची_लेक :
यावर मात्र मी ताईंच्या बाजूने. आमच्याकडे निवडणं नवऱ्याकडे आहे. देठं ठेवतो, गवत ठेवतो, एकदा रबरबँडही ठेवला होता. पण मी उठत नाही.

ओव्हनवाली :
बरं. फॉइलची ओळ काढली, चूक माझी. 'लपवा' काढून 'भरा' केलं, तेवढ्याने कुणाचं समाधान होणार असेल तर. ४५ मिनिटं खोडून ९० लिहिलीत. चीज मात्र राहणार.

निवडटिपण :
९० मध्ये पालक निवडणं धरलंय का?

ओव्हनवाली :
नाही.