ताईसाठी ग्रीन टीच्या कॅप्सूल मागवू का?

काका: हा फॉरवर्ड वाचा सगळ्यांनी. ग्रीन टी, हळद, द्राक्षं यांतले घटक कॅन्सरच्या गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या वाढूच देत नाहीत म्हणे. रक्त तुटलं की गाठ उपाशी मरते. ताईसाठी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवतोय. नुसतं इंजेक्शनच्या भरवशावर राहायचं म्हणजे मला स्वस्थ बसवत नाही रे.

आत्या: मागव माझ्यासाठी. नैसर्गिकच आहे, त्यात काय विचारायचं डॉक्टरांना.

मेधा: काका, प्लीज थांबा, मागवू नका. लिहितेय.

मेधा: मूळ मुद्दा खरा आहे. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकन सर्जन जूडा फोकमन यांनी १९७१ मध्येच मांडलं. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना फुटवे येतात. ते प्रथिन अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे कॅन्सरचं औषध २००४ पासून वापरात आहे. ग्रीन टीतलं ईजीसीजी, हळदीतलं कर्क्युमिन यांनीही हे फुटवे रोखले, पण प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत. पेशींवर ते थेट ओततात, तेवढं तोंडावाटे घेऊन आपल्या रक्तात पोचतच नाही. कर्क्युमिन तर बरंचसं आतड्यात आणि यकृतातच मोडतं.

रोहन: उपयोग नसेल, पण अपाय तरी काय?

मेधा: आत्याला आहे, म्हणून तर जीव तोडून सांगतेय! तिचं इंजेक्शन बोर्टेझोमिब आहे. त्याच्या रेणूत बोरॉन असतो आणि ईजीसीजी नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. २००९ मध्ये मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवर हे तपासलं, तर ईजीसीजी दिल्यावर औषधाचा मारा बोथट झाला. शिवाय अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, ते वेगळंच.

काका: बाप रे. मग झाडपाल्यातून औषध निघतच नाही का?

मेधा: निघतं की! कॅन्सरचीच दोन औषधं बघा: व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतलं, पॅक्लिटॅक्सेल यू झाडाच्या सालीतलं. पण शुद्ध करून, डोस ठरवून, माणसांवर चाचण्या होऊन आलेलं. शार्कच्या कूर्चेचाही असाच गाजावाजा होता. फुप्फुसाच्या कॅन्सरवर मोठी चाचणी झाली, रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही.

काका: नाही मागवत. ताई, तूही कुणाचं काही घेऊ नकोस.

आत्या: मैत्रिणीने एक डबी आधीच दिलीय. उघडली नाही अजून.

मेधा: आत्या, लेबलचा फोटो टाक ना. घटकांची यादी नीट दिसू दे. पुढच्या इंजेक्शनला डबीच घेऊन जाऊ, डॉक्टरांना दाखवू.